पहिला सिंथ: आवाज निवडायचा की घडवायचा?

वाद्यांच्या दुकानात कीबोर्डसमोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न हमखास एकच विचारतं: ‘यात आवाज किती आहेत?’ दुकानदाराकडे उत्तर तयार असतं. सहाशे टोन, दोनशे रिदम, तबला आहे, ढोलकी आहे, तानपुराही आहे. एक बटण दाबलं की सतार, दुसरं दाबलं की बासरी, तिसरं दाबलं की व्हायोलिनचा अख्खा ताफा. आकडा जितका मोठा तितकं वाद्य भारी, असा हिशेब दोन्ही बाजूंनी मनोमन ठरलेला असतो.

सिंथेसायझर घ्यायला आलेल्या नवशिक्याने मात्र हा प्रश्न बाजूला ठेवायला हवा. सिंथमधला आवाज वाजवणाऱ्याने करायचा असतो. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हाताने किती सहज घडवता येतो, यावर नवशिक्यासाठी त्या यंत्राची किंमत ठरते. म्हणून पहिला सिंथ लहान असावा, त्याच्या जवळजवळ प्रत्येक नॉबला एकच काम असावं आणि वर्षभरात तो पूर्ण समजावा. मोठी यंत्रं नंतरही घेता येतात. पहिल्याच खेपेला घेतलेलं मोठं यंत्र बहुतेक वेळा कपाटावर जाऊन बसतं.

मराठी घरांत या खरेदीचा घोळ शब्दापासूनच सुरू होतो. कॅसिओ हे एका जपानी कंपनीचं नाव. पण आपल्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, विजेवर चालणारं कोणतंही वाद्य म्हणजे कॅसिओ. गॅदरिंगमध्ये वाजतो तो कॅसिओ, भजनाला हार्मोनियमशेजारी असतो तोही कॅसिओ. त्यामुळे अकरावीतल्या मुलीने ‘मला सिंथ हवाय’ म्हटलं की घरच्यांना ‘कॅसिओ हवाय’ असं ऐकू येतं आणि वाढदिवसाला रिदमवाला कीबोर्ड घरी येतो. मुलगी दोन महिने वाजवते, मग तो गुंडाळून ठेवला जातो. चिकाटी नाही म्हणून तिला बोलणी बसतात. खरं तर तिने मागितलेली वस्तू तिला मिळालेलीच नसते.

दुकानातल्या एकाच रांगेत तीन वेगळी वाद्यं मांडलेली असतात. पहिलं म्हणजे अरेंजर कीबोर्ड: तयार टोन, तयार ठेका, डाव्या हाताने कॉर्ड धरली की मागे अख्खा वाद्यवृंद. दुसरा प्रकार स्टेजवरच्या सिंथचा. रोलँडचे एक्सपीएस-१० आणि एक्सपीएस-३० हे त्यातले आपल्याकडच्या वादकांच्या परिचयाचे. त्यांच्या नावात सिंथेसायझर असला तरी ऑर्केस्ट्रात त्यांचं मुख्य काम सतार, सनई, स्ट्रिंग्ज झटपट पुरवणं हेच असतं. तिसरा प्रकार हा ज्याच्याबद्दल इथे बोलायचं आहे तो सिंथ. त्यात कच्ची ध्वनिलहर असते आणि तिला आकार देणारे नॉब असतात. ज्याला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, भजनात किंवा बेंजो पार्टीत वाजवायचं आहे, त्याने पहिल्या दोन प्रकारांतलंच वाद्य घ्यावं. ते अस्सल, मेहनतीचं काम आहे आणि त्याला ठरावीक आवाज ठरावीक क्षणी लागतोच.

तयार आवाजाला कमी लेखण्याचंही कारण नाही. कॅसिओच्या १९८१ च्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डवर ‘रॉक’ नावाचा एक ठेका होता. तो बसवला हिरोको ओकुदा या अभियंता तरुणीने. चार वर्षांनी जमैकातल्या गायक वेन स्मिथ आणि निर्माता किंग जॅमी यांनी तोच ठेका संथ करून ‘अंडर मी स्लेंग तेंग’ हे गाणं केलं आणि तिथल्या रेगे संगीताला संगणकी वळण लागलं. तयार ठेक्याचं तिथे सोनं झालं, कारण त्यात काय दडलंय ते ऐकणारा कान त्यांच्याकडे होता. तो कान तयार करायचा असेल, तर आवाजाच्या आत शिरायला देणारं यंत्र लागतं.

सिंथच्या आत काय चालतं, हे समजायला तानपुऱ्यासारखा गुरू नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की तार तीच, षड्ज तोच, पण आवाज कधी मिटतो, कधी उमलतो. नीट लागलेल्या खर्जातून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू यायला लागतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. अशा उमललेल्या आणि मिटलेल्या आवाजासाठीचे खुली जवारी आणि बंद जवारी हे शब्द मिरजेच्या कारागिरांच्या रोजच्या बोलण्यातले. याच मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका स्वरात किती उपस्वर दडलेले असतात आणि त्यातले कोणते वर आणायचे, हेच या कारागिरांचं शास्त्र आहे.

सिंथचंही तेच. त्यातला ऑसिलेटर म्हणजे तार. तो करवतीच्या दातांसारखी लहर काढतो तेव्हा तिच्यात मूळ स्वराचे सगळे उपस्वर भरलेले असतात. चौकोनी लहरीत फक्त विषम क्रमांकाचे. त्यापुढे फिल्टर येतो. त्याचा कटऑफ नावाचा नॉब डावीकडे वळवला की वरचे उपस्वर एकेक करून गळत जातात आणि आवाज गोधडीखाली घातल्यासारखा मऊ होतो. उजवीकडे वळवला की तो पुन्हा उघडतो. शेजारचा रेझोनन्सचा नॉब चढवून कटऑफ अगदी सावकाश फिरवला, तर उपस्वर एकामागून एक वेगळे ऐकू येतात. षड्ज वाजत असताना वाटेत पंचम भेटतो, आणखी थोडं वर तो गंधारही भेटतो. हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने ऐकलं, त्याला फिल्टर म्हणजे काय ते पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

उरतात दोन गोष्टी. एन्व्हलप ठरवतो की आवाज जन्माला कसा यावा आणि विरावा कसा. सतारीवर नखीचा आघात झाला की स्वर एकदम उसळतो आणि ओसरत जातो. सारंगीवर गज फिरतो तेव्हा स्वर हळूहळू भरतो आणि गज थांबेपर्यंत टिकतो. अटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज या चार नॉबमध्ये हा सगळा फरक मावतो. एलएफओ म्हणजे अतिशय संथ लहर, जी स्वतः ऐकू येत नाही पण दुसऱ्या कशाला तरी झुलवते. ती स्वराच्या उंचीला जोडली आणि सेकंदाला पाच-सहा वेळा फिरवली की कंप येतो. अगदी मंद केली की आंदोलन.

एवढ्या सामग्रीतून काय करता येतं, ते एका ओळखीच्या आवाजावर पाहता येईल. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली बीन गारुड्याची नव्हती. हेमंतकुमार यांच्या संगीतातली ती बीन कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती. हेच कल्याणजी पुढे धाकटे भाऊ आनंदजी यांच्यासह संगीतकार म्हणून गाजले. क्लॅव्हिओलिन हे फ्रेंच अभियंता कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये बनवलेलं, एका वेळी एकच स्वर काढणारं छोटं इलेक्ट्रॉनिक वाद्य. भारतातल्या लोकांच्या कानांत जी बीन बसली आहे, ती अशी व्हॉल्व्ह आणि तारांच्या जाळ्यातून आली.

ती बीन आजच्या साध्या सिंथवर करायला घेऊ. ऑसिलेटर एकच ठेवायचा, लहर चौकोनी घ्यायची आणि तिची रुंदी अरुंद करत न्यायची. मध्यावर पोकळ वाटणारा आवाज कडेला जाता जाता नाकात बोलू लागतो. मग कटऑफ थोडा खाली, वरची कर्कश धार बोथट होईपर्यंत, आणि रेझोनन्स किंचित वर. अटॅक अगदी शून्यावर ठेवायचा नाही, फुंकरीला लागतो तेवढा वेळ द्यायचा. सस्टेन पूर्ण, रिलीज आखूड. एलएफओ स्वराच्या उंचीला जोडून थोडासा कंप. शेवटी ग्लाइड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना आवाज घसरत जावा याची सोय. आता षड्जावरून कोमल ऋषभाला जायचं आणि परत यायचं. पहिल्या खेपेला ग्लाइड जास्त झालेली असते, स्वर लोळत जातो. नॉब थोडा मागे घेतला की बीन डुलायला लागते.

आठ-नऊ नॉब आणि दहा मिनिटं. पण या दहा मिनिटांत शिकणाऱ्याला लहर, फिल्टर, एन्व्हलप, एलएफओ आणि ग्लाइड कळलेलं असतं. सहाशे टोनच्या कीबोर्डवर ‘बीन’ असं लिहिलेलं बटण दाबून यातलं काहीच कळत नाही.

यंत्र ओळखलेला माणूस त्याच्याकडून काय करून घेऊ शकतो, याचं मुंबईतलं उदाहरण म्हणजे चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गिटार वाजवणाऱ्या या वादकाने सिंगापूरहून रोलँडची तीन यंत्रं आणली: ज्युपिटर-८ हा सिंथ, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं छोटं यंत्र. १९८२ मध्ये या तिघांवर त्यांनी भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड निघाली, फारशी खपली नाही आणि विस्मृतीत गेली.

टीबी-३०३ ची गोष्ट तर आणखी वेगळी. एकट्याने वाजवणाऱ्या कलावंताला साथीला बेस गिटार मिळावी म्हणून तदाओ किकुमोतो यांनी ते बनवलं. त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, सूर भरण्याची पद्धत किचकट होती आणि १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं. शिकागोमधल्या फ्युचर नावाच्या चमूने स्वर वाजत असतानाच त्याचे नॉब फिरवायला सुरुवात केली आणि १९८७ च्या त्यांच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मधून अ‍ॅसिड हाउस ही संगीतशैली पुढे आली. चरणजित सिंग यांनी त्याच यंत्राची सरकती, ओलसर बोली पाच वर्षं आधी रागांसाठी वापरली होती. २०१० मध्ये त्यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले नृत्यसंगीताचे रसिक चकित झाले आणि उतारवयात चरणजितजींना परदेशांतल्या मंचांवर बोलावणी आली. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

नवशिक्याने यातून नेमकं काय घ्यावं? टीबी-३०३ वर आवाज घडवणारे नॉब मोजून सहा आहेत: ट्यूनिंग, कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलपचं प्रमाण, डिके आणि अ‍ॅक्सेंट. मुंबईत आणि शिकागोत जे घडलं ते या सहांच्या बळावर. नॉब थोडे होते म्हणून प्रत्येक नॉबच्या प्रत्येक अंशाशी त्या वादकांची ओळख झाली.

याच्या उलट टोकाचं उदाहरण यामाहाच्या डीएक्स७ चं. १९८३ मध्ये आलेला हा सिंथ लाखाहून अधिक खपला. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये शोधलेल्या एफएम पद्धतीवर तो चालतो. एक लहर दुसरीला इतक्या वेगाने डुलवते की नवेच उपस्वर जन्म घेतात. आवाज देखणा, घंटेसारखा स्वच्छ. पण दर्शनी भागावर नॉब जवळजवळ नाहीतच. सपाट बटणांच्या रांगा, आकडे बदलायला एक सरकपट्टी आणि दोन ओळींचा इवलासा पडदा. सहा ऑपरेटर, म्हणजे लहरी काढणारे घटक, त्यांच्या बत्तीस जोडण्या आणि एका वेळी पडद्यावर दिसणारा एकच आकडा. साहजिकच बहुतेक वादकांनी आवाज घडवण्याचा नाद सोडला आणि कंपनीने भरून दिलेल्या आवाजांवर भागवलं. १९८० च्या दशकातल्या असंख्य गाण्यांत त्याचा तोच काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो तो त्यामुळेच. यंत्र श्रेष्ठ होतं, पण शिकण्याची वाट त्याने बंद ठेवली होती.

आज बाजारात काय घ्यावं, हे सांगताना हीच कसोटी लावायला हवी. कोर्गचा मिनिलॉग २०१६ मध्ये आला आणि अजूनही पहिल्या सिंथसाठी त्याच्याइतकी सरळ शिफारस करता येईल अशी यंत्रं थोडी आहेत. एका वेळी चार स्वर, अ‍ॅनालॉग ऑसिलेटर आणि फिल्टर, बहुतेक कामांना स्वतंत्र नॉब. त्याच्या छोट्या पडद्यावर वाजणारी लहर जशीच्या तशी दिसते. कटऑफ खाली आणताना करवतीचे दात झिजून गोल होताना डोळ्यांना दिसतात आणि त्याच क्षणी आवाज मऊ झालेला कानांना कळतो. शिक्षकाने फळ्यावर काढून दाखवावं, ते इथे चालू वाद्यात दिसतं.

ज्याला मुख्यतः सुरावट वाजवायची आहे, त्याला एका वेळी एक स्वर काढणारा सिंथही पुरतो. नोव्हेशनच्या बेस स्टेशन २ ला नेहमीच्या मापाच्या पंचवीस पट्ट्या आहेत, ग्लाइडला वेगळा नॉब आहे आणि फिल्टरचा भला मोठा नॉब मधोमध आहे. खिशाला कमी झळ हवी असेल तर कोर्गच्या व्होल्का मालिकेतला व्होल्का कीज: तीन स्वर, स्वतःचा स्पीकर, सहा पेन्सिल सेलवर चालतो. त्याच्या पट्ट्या स्पर्शाच्या आहेत, त्यावर हात बसवून वाजवता येत नाही, पण नॉब मात्र समोर आणि खरे आहेत. अर्तुरिया या फ्रेंच कंपनीचा मायक्रोफ्रीक हा प्रयोगप्रेमी मुलांना आवडणारा. त्यात ऑसिलेटरचे अनेक प्रकार आहेत, फिल्टर अ‍ॅनालॉग आहे, पट्ट्या मात्र सपाट पत्र्यासारख्या. दुकानात हात लावून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

काही लोकप्रिय नावं पहिली खरेदी म्हणून टाळलेली बरी. कोर्गचा मायक्रोकोर्ग २००२ पासून वीस वर्षांहून अधिक काळ विकला गेला, शेकडो बँडच्या स्टेजवर दिसला. त्याचा आवाज छान आहे, माइकमध्ये बोलून यंत्रमानवासारखा आवाज काढायची व्होकोडरची सोयही आहे. पण आवाज घडवायला नॉब पाचच आणि त्या पाचांची कामं निवडीच्या नॉबनुसार बदलत राहतात. टीबी-३०३ चे सहा नॉब आणि हे पाच, यांत आकड्याचा फरक एकाचा असला तरी शिकण्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रोलँडचा एस-१ हातात मावणारा आणि गुणी, पण त्याची बरीच कामं शिफ्टच्या बटणाखाली दडलेली आहेत. हे दोन्ही दुसरा सिंथ म्हणून घ्यावेत. भिंतभर तारांचा मॉड्युलर सिंथ पाहून ज्यांचा जीव त्यात अडकला आहे, त्यांनी आधी संगणकावर व्हीसीव्ही रॅक हे मोफत सॉफ्टवेअर महिनाभर वापरावं.

मोफत सॉफ्टवेअरचा विषय निघाला की सर्वांत सबळ आक्षेप समोर येतो. व्हायटल, सर्ज एक्सटी यांसारखे उत्तम सिंथ संगणकावर फुकट मिळत असताना हजारो रुपये यंत्रावर का घालवायचे? या आक्षेपात तथ्य आहे. ज्या घरात लॅपटॉप आहे आणि पैशांची ओढाताण आहे, तिथे यंत्र घेण्याची मुळीच गरज नाही. आवाजाच्या गुणवत्तेत आज फरक शोधावा लागतो. उलट प्रत्येकानेच यंत्र घेण्याआधी पंधरा-वीस दिवस सर्ज एक्सटीवर बसून वर सांगितलेली बीन करून पाहावी. त्यात गोडी वाटली नाही, तर मोठा खर्च वाचला.

तरीही यंत्राची बाजू घ्यावीशी वाटते ती हातासाठी. माउसने एका वेळी एकच नॉब हलतो. यंत्रावर डावा हात कटऑफवर आणि उजवा पट्ट्यांवर असतो. कान जे मागेल ते हात थेट देतो. काही आठवड्यांनी बोटांना न पाहताही रेझोनन्स कुठे आहे ते कळतं, जसं तबलजीच्या बोटांना शाई आणि चाटीतलं अंतर कळतं. शिवाय लॅपटॉपवर सिंथच्या शेजारच्याच खिडकीत सगळं जग उघडं असतं. यंत्र सुरू केलं की समोर फक्त तो आवाज असतो. शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी ही एकाग्रता फार मोलाची आहे.

आपल्या संगीतात वाढलेल्या कानांसाठी आणखी एक मुद्दा आहे, आणि तो विक्रेत्यांच्या बोलण्यात सहसा येत नाही. हार्मोनियमवर मींड येत नाही आणि तिचे बारा स्वर पक्के ठरलेले असतात, याच कारणांनी १९४० मध्ये आकाशवाणीवर तिला बंदी आली आणि ती उठायला १९७१ उजाडलं. नेहमीच्या कीबोर्डवर तीच अडचण आहे. सिंथवर मात्र ग्लाइड आहे, स्वर वाकवायची सोय आहे आणि काही सिंथवर प्रत्येक पट्टीचा स्वर सूक्ष्म प्रमाणात हलवताही येतो. बेस स्टेशन २ मध्ये हे जमतं, कोर्गच्या मोनोलॉग आणि मिनिलॉग एक्सडीमध्येही जमतं. दरबारीचा खाली झुकलेला गंधार पट्टीवर बसवता येतो, ही गाणं शिकणाऱ्या मुलासाठी लहान गोष्ट नाही. ए. आर. रहमान यांनी ‘दिल्ली-६’ चित्रपटाच्या ‘रहना तू’ या गाण्यात हाकेन कंटिन्यूअम हे पट्ट्या नसलेलं, सलग पृष्ठभागाचं वाद्य वापरलं. सुरांच्या मधल्या जागेची ओढ आपल्या संगीतकारांना किती आहे, ते त्या गाण्याच्या अखेरच्या वादनात ऐकू येतं. पहिल्या सिंथमध्ये एवढी चैन नको, पण ग्लाइड आणि स्वर वाकवण्याची सोय आहे ना, हे बघून घ्यावंच.

आता व्यवहाराच्या गोष्टी. बहुतेक सिंथना स्वतःचा स्पीकर नसतो, तेव्हा चांगल्या हेडफोनचे पैसे खरेदीतच धरावेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना नाहीतरी तोच उपाय असतो. पट्ट्यांचं माप पाहावं. हार्मोनियमवर बसलेला हात मिनिलॉगच्या बारीक पट्ट्यांवर सुरुवातीला अडखळतो, आठवड्याभरात सरावतो. पियानो शिकणाऱ्याला ते कायम खटकू शकतं. अमेरिकेतल्या मामाने किंवा जपानहून आलेल्या मित्राने यंत्र आणलं, तर अ‍ॅडॅप्टरवर २४० व्होल्टपर्यंत चालेल असं लिहिलं आहे का ते आधी वाचावं. ११० किंवा १०० व्होल्टचं जुनं यंत्र आपल्या प्लगमध्ये थेट घातलं तर ते जळतं. परदेशात घेतलेल्या यंत्राची हमी इथे चालेल का, हेही पैसे देण्याआधी विचारायचं.

जुना सिंथ घ्यायला हरकत नाही, मात्र तो समोर बसून तपासावा. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवायचा. खरखर आली तर आत धूळ किंवा दमट हवेचा परिणाम आहे, आणि कोकणात, मुंबईत तो असतोच. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबायची. सगळे स्वर एकदम धरून एखादा मुका तर नाही ना, ते ऐकायचं. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांचा मोह पहिल्या खेपेला नको. डीएक्स७ सारख्या यंत्रात आवाज लक्षात ठेवणारी बॅटरी आत डाग देऊन बसवलेली असते. ती संपली की केलेले आवाज पुसले जातात आणि बदलायला जाणता कारागीर लागतो. घरी आणल्यावर पावसाळ्यात कापडी आच्छादन आणि कोरडी जागा, एवढी काळजी पुरते.

हे सगळं एकट्या घराच्या खिशावर का पडावं, हाही प्रश्न विचारायला हवा. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथ बसवला. या स्टुडिओमागे मृदंग वाजवणाऱ्या गीता साराभाई यांची प्रेरणा होती. एकाच यंत्राभोवती १९७२ पर्यंत कितीतरी जणांनी काम केलं, टेपा भरल्या. त्या टेपा पुढे पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला संस्थेच्या संग्रहात सापडल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पन्नास वर्षांपूर्वी एका संस्थेतल्या एका यंत्राने जे साधलं, ते आज महाराष्ट्रातल्या संगीत महाविद्यालयांना अवघड नाही. तानपुरे, तबले, हार्मोनियम यांच्या खोलीत एक मिनिलॉग आणि दोन हेडफोन ठेवायला फार मोठं अंदाजपत्रक लागत नाही. तिथे तासभर बसलेला विद्यार्थी स्वयंभू गंधार पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा लवकर ओळखेल.

दुकानदारांकडूनही एक अपेक्षा आहे. सिंथ काचेच्या कपाटात ठेवून त्याची ओळख गिऱ्हाइकाला होत नाही. एक तरी यंत्र जोडलेलं, चालू आणि हेडफोनसह मांडलेलं असावं, आणि नवशिक्याला त्यापुढे अर्धा तास निवांत बसू द्यावं.

त्या अर्ध्या तासात करायचं ते इतकंच. भरून दिलेला एकही आवाज ऐकायचा नाही. रिकामा प्रोग्राम घ्यायचा, करवतीची लहर लावायची, खर्जातला षड्ज धरून ठेवायचा आणि कटऑफ तळापासून सावकाश वर न्यायचा. मग तीन आवाज करायचे: तानपुऱ्यासारखा भरत जाणारा आणि विरणारा, नखीसारखा आघात करणारा, आणि बीन. माहितीपुस्तिका न उघडता हातांना वाट सापडत गेली, तर ते यंत्र घ्यावं. दर वेळी पडद्यावरची यादी उलटीसुलटी करावी लागली, तर हेडफोन काढून ठेवायचे आणि दुकानदाराला शेजारचं यंत्र जोडायला सांगायचं.